फुली मारलेला डबा

शनिवारी सकाळी म्हातारा बोलला, आणि त्या घरात जी काही पळापळ सुरू झाली ती विचारू नका.

तसं तो फार काही बोलला नव्हता. लेकीनं पुढे केलेला मऊ भाताचा चमचा त्यानं नेहमीसारखा तोंड फिरवून परतवला, थोडा वेळ भिंतीकडे बघत बसला, आणि भिंतीलाच विचारावं तसं म्हणाला, "लाल डबा मिळतो का गं अजून?" बस्स, एवढंच. पण महिना होत आला होता, या माणसानं खाण्याच्या वस्तूचं नाव म्हणून काढलं नव्हतं. लेक चमचा तिथेच टाकून धावली. नवरा आरशासमोर अर्ध्या गालाला साबण लावून उभा होता. त्याचा दंड धरून तिनं सांगितलं की बाबांनी खायला मागितलं, स्वतःच्या तोंडानं मागितलं, आता दाढी राहू दे आणि गाडी काढ. बिचारा तसाच एका गालानं निघाला.

म्हातारा म्हणजे मुकादम. उभा जन्म त्याचा डोंगरादऱ्यांतून विजेच्या जाड तारा ओढणाऱ्या टोळीवर गेला. वस्ती मागे टाकायची, तंबू ठोकायचे आणि महिनोन्महिने तिथेच राहायचं. खायला काय, तर डबे. लाल कागद गुंडाळलेले, मटणाचे, दगडासारखे जड. काम सुटल्यावरही गडी एकटा राहायचा, स्वतःचं स्वतः करायचा, कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. मग न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि लेकीनं त्याला उचलून आपल्या घरी आणला. खुबा जुळला. भूक मात्र कुठे गेली, देव जाणे. पोट तपासलं, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, सगळं ठणठणीत. विचारलं तर म्हणायचा, भूकच नाही. दिवसाकाठी दोन-चार चमचे पेज पोटात गेली तर गेली. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं की सोमवारी सकाळी घेऊन या, नाकातून नळी घालू. मुकादमानं ते ऐकलं आणि हूं की चूं केलं नाही. तो ओरडला असता, डॉक्टरला चार शिव्या हासडल्या असत्या, तर लेकीला एवढी भीती वाटली नसती.

बरं, लेकीनं काही कमी केलं होतं का? छे. पावाच्या कडा कापायची, फळाची साल काढायची, बटाटा कुस्करायची, चमच्यानं भरवायची, वर तोंड पुसायची. लहान मुलाचं कुणी एवढं करणार नाही. आणि ही बाई साधीसुधी नव्हे. मोठ्या किराणा दुकानात तिला सगळे तारीखबाई म्हणायचे. काम काय, तर फळीफळीनं फिरायचं आणि ज्याची तारीख संपली ते उचलायचं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मागच्या बाजूला गोदामात जाळीचा एक पिंजरा होता, उचललेला माल त्यात पडायचा, आणि त्याची किल्ली हिच्या कमरेला. आत गेलेली वस्तू मोडूनतोडून कचऱ्यातच जायची. त्यातलं बिस्किटसुद्धा कुणाच्या खिशातून बाहेर जाणार नाही, हा नियम तिचाच. घरीही तेच. सॉसची बाटली एक दिवस जास्त टिकली तर शपथ. नवरा चारचौघांत म्हणायचा, लग्नाच्या वेळी माझ्यावरची तारीख बघितलीस ना, नाहीतर एक दिवस मलाही पिंजऱ्यात टाकशील.

तर आता ऐका. पहिल्यांदा तिनं काय केलं, दुकानात जाऊन मटणाचा नवाकोरा डबा आणला. हल्ली मिळतो तो, वर कडी असते, बोट घालून ओढली की झाकण निघतं. स्वयंपाकघरात उघडला, गरम केला, बारीक चौकोनी तुकडे केले, ताटलीत छान मांडले, काटा ठेवला, आणि मोठ्या आशेनं नेऊन पुढे ठेवला. मुकादमानं ताटलीकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं.

"हा तो नाही," तो म्हणाला.

तिनं समजावून बघितलं की मटण ते मटण, चव तीच, उलट हे ताजं आहे. पण तो भिंतीकडे वळला तो वळलाच.

तिकडे नवरा पेटला होता. तो पावाची गाडी चालवायचा, त्यामुळे एकूण एक दुकान त्याच्या ओळखीचं. दर थोड्या वेळानं फोन. इथे नाही, तिथे नाही, एका दुकानदारानं तर हसून सांगितलं की अहो तो कारखानाच बंद पडलाय, कसला लाल डबा घेऊन बसलात. घरात नणंद होती, ती नर्स. तिची आज सुट्टी, पण सुट्टी कसली, तिनंही मैत्रिणींना फोन लावायचा सपाटा लावला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात, एखादा पडलेला असेल तर बघ गं. घरात नुसती लगीनघाई चाललेली, आणि ज्याच्यासाठी ती चाललेली तो पडल्या पडल्या ऐकत होता. त्याचे डोळे उघडे होते, हे तारीखबाईनं दारातून दोनदा बघितलं.

दुपारी ती ताटलीतले तुकडे कचऱ्यात ढकलत होती आणि एकदम तिचा हात थांबला. कचरा. उचललेला माल. लाल डबे तिनं स्वतःच तर खालच्या फळीवरून उचलले होते, कधीचे! कंपनी बंद पडलेली, परत न्यायला कुणी आलं नाही, म्हणून पिंजऱ्याच्या तळाशी तसेच पडून होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. नवरा गावभर गाडी पिदडतोय आणि किल्ली हिच्या कमरेला लोंबतेय! ती खुर्चीवर बसली, उठली, परत बसली.

नणंदेला सांगितलं तर ती उडालीच. तारीख उलटून सात-आठ महिने झालेलं मटण, आणि तेही अंगात त्राण नसलेल्या माणसाला? वहिनी, दुसरं कुणी हे बोललं असतं तर तूच त्याला उभा जाळला असतास, असं म्हणाली. खरंच होतं ते. तारीखबाईला माहीत होतं की डबा धड असेल तर त्यावरची तारीख म्हणजे काही फाशीची तारीख नसते, कंपनी आपली हमी तिथे संपवते, एवढंच. पण तेच माहीत असूनही तिनं इतकी वर्षं एकाही गिऱ्हाइकाला सूट दिली नव्हती, कारण धड आहे की नाही हे बाहेरून कोण सांगणार? आणि आज सूट कुणाला द्यायची, तर स्वतःच्या बापाला.

दोघींची बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी तारीखबाई म्हणाली, "सोमवारी नळी घालणार. एकदा नळी गेली की ते तोंडानं खायचं सोडून देतील. मला माहितीय. तुलाही माहितीय."

नणंदेनं अशी माणसं रोज बघितलेली. मग हळूच म्हणाली की फुगलेला असला तर घरात आणू नकोस, चेपलेला असला तर नको, गंजलेला तर मुळीच नको.

"हे तू मला सांगतेस?" तारीखबाई म्हणाली, आणि चपला घालून निघालीसुद्धा.

पिंजऱ्याचं कुलूप उघडताना तिनं दोनदा मागे वळून बघितलं. जन्मात कधी चोरी केली नाही, आणि आज आपल्याच पिंजऱ्यात आपणच शिरतोय. खोकी बाजूला केली, तळाशी तीन डबे होते. पहिला उचलला, बोट फिरवलं, झाकणाच्या शिवणीवरच पोचा. ठेव बाजूला. दुसऱ्याच्या कडेखाली नख घातलं, तर नखाला तांबूस भुकटी. गंज. तोही बाजूला. आता एकच उरला. त्या डब्याकडे तिनं जसं बघितलं तसं तिला बघायला आलेल्या मुलाकडेही कधी बघितलं नसेल. उजेडात धरला, वरून दाबला, खालून दाबला, कडेकडेनं नख फिरवलं, हलवून कानाशी नेला. कुठे काही नाही. टणक, कोरडा, गप्प. तिला तिथल्या तिथे रडू आलं आणि हसूही आलं.

पण फाटकावर वॉचमन होता ना. त्याला तिनंच पढवून तयार केलेला. त्यानं पिशवीत डोकावलं, डबा बघितला, मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी अवघडून म्हणाला की ताई, पिंजऱ्यातला माल बाहेर जात नाही, तुम्हीच सांगितलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण तिला ते जमणारं नव्हतं. तिनं सरळ सगळं सांगून टाकलं. बाप, महिनाभराचा उपास, सोमवारची नळी, भिंतीला विचारलेला प्रश्न. वॉचमननं टोपीखाली डोकं खाजवलं आणि मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर आधी घाबरला, मग वैतागला. मग त्यालाही बहुधा स्वतःचा बाप आठवला असावा, कारण आवाज उतरला. म्हणाला, माल म्हणून बाहेर जाऊ देऊ नका. बाद केल्याची खूण करा, कचरा म्हणून जाऊ द्या, पुढचं त्यांचं त्या बघतील.

वॉचमननं जाड काळं पेन आणून दिलं. फुली तुम्हीच मारायची, म्हणाला. अशा फुल्या तिनं आयुष्यात किती मारल्या असतील त्याला गणती नाही, पण आजची तिनं डबा घट्ट धरून सावकाश मारली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, लाल कागदावर काळी ठसठशीत फुली. पिशवी परत देताना वॉचमन म्हणाला की सोमवारी काय झालं ते सांगा बरं का, नाहीतर माझ्या जिवाला घोर लागेल.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. नवरा हात हलवत परत आलेला. पिशवीतून डबा निघाला तसा तो जवळजवळ नाचलाच, आणि मग फुली बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. तारीखबाईच्या घरात फुली मारलेला डबा! तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. डबा स्वयंपाकघरात न्यायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा, उघडायचा, वास घ्यायचा, बारीक तुकडे करायचे, असं सगळं तिनं वाटेतच ठरवून ठेवलं होतं. पण मुकादमाच्या खोलीवरून जाताना त्याला तिच्या हातातलं लाल दिसलं आणि त्यानं हात पुढे केला.

हात पुढे केला! चमचा आला की जो हात पांघरुणात जायचा, तोच. तिनं काही विचार न करता डबा त्याच्या तळव्यावर ठेवला. तळवा वजनानं खाली गेला आणि परत वर आला. त्यानं डबा फिरवला, फुलीवर अंगठा ठेवला.

"ही फुली कोणी मारली?"

"मी मारली, बाबा. तारीख गेलीय त्याची. चांगले सात-आठ महिने झाले."

"तू बघितलास?"

"बघितला. तीन होते. एकाच्या शिवणीवर पोचा होता, एकाच्या कडेखाली गंज होता. ते टाकले."

मुकादमानं मान डोलावली. "बरोबर केलंस," तो म्हणाला. एवढे दिवस त्याचा आवाज घशातच रेंगाळायचा, हा मात्र पोटातून आला. मग त्यानं डबा कानाशी धरून बोटाच्या पेरानं दोनदा वाजवला, आणि कॉटखालची पेटी ओढायला सांगितली.

पेटीत जुनी वायर कापायची पक्कड होती, हातमोजे होते आणि एका फडक्यात गुंडाळलेली आकडी होती, डबा फोडायची. लाकडी मूठ हाताळून हाताळून काळी झालेली, लोखंडी नाक वाकडं. तारीखबाई म्हणाली की द्या, मी आत नेऊन उघडते. तर म्हातारा म्हणाला की लाल डबा दुसऱ्यानं उघडायचा नसतो, आणि निजून तर मुळीच उघडायचा नसतो. मला टेबलाशी न्या. चार दिवस ज्या चालायच्या चौकटीला त्यानं हात लावला नव्हता ती ओढून घेतली आणि खडखड करत निघाला. मागे लेक, मागे नवरा, मागे नर्स, अशी वरात टेबलापाशी आली. आकडी उकळत्या पाण्यातून काढली, डबाही पुसला, आणि सगळे बसले.

मुकादमानं आकडीचं नाक झाकणावर टेकवलं आणि तळव्यानं ठोकलं. नाक घसरलं. परत ठोकलं, परत घसरलं. मनगटात जोरच उरला नव्हता. नर्सला बघवेना, ती उठून हात पुढे करणार तोच तारीखबाईनं तिचं मनगट धरलं. का धरलं ते तिलाही सांगता आलं नसतं. "राहू दे," ती म्हणाली. "उघडू दे त्यांना."

तिसऱ्यांदा त्यानं अख्खा खांदा लावला. टच्‌ झालं, आणि डब्यानं सुस्स करून हवा आत ओढली. आत! मुकादमानं कान तिरका करून ऐकलं आणि गालात हसला. बाहेर फवारा उडाला असता तर डबा खिडकीतून गेला असता, असं त्यानं ऐकवलं, आणि खिडकीशी बसलेला जावई नकळत बाजूला सरकला. मग आकडी पुढे चालली. एक दाब, थोडा दम, एक दाब, थोडा दम. कपाळावर घाम आला, तो त्यानं बाहीनं पुसला. कुणी पुसायला गेलं नाही. झाकण हळूहळू वर वाकलं, आणि मीठ, मिरी आणि लोखंड असा एक वास टेबलावर पसरला. तारीखबाईचं नाक दुकानात प्रसिद्ध. ते नाकही म्हणालं, ठीक आहे.

मुकादमानं डब्यावर वाकून लांब वास घेतला. खाली काय दिसतं ते बघितलं, आकडीच्या टोकानं ढोसून बघितलं.

"थांबा," तो म्हणाला. हलत कुणीच नव्हतं.

मग आकडीच्या टोकावर एक तुकडा घेऊन त्यानं तोंडात घातला. चावला. सावकाश, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि गिळला. बापाच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली लेकीनं बघितली, आणि तिला असं वाटलं की खिडकी उघडून सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं. तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

जावयाला राहवेना. त्यानं पावाचा तुकडा घेऊन डब्याकडे हात नेला, तर मुकादमानं त्या हातावर सणसणीत चापट दिली. आता चहा, म्हणाला. मी चहा पिऊन होईपर्यंत कुणी डब्याला हात लावायचा नाही. टोळीवर हीच रीत होती. डबा मुकादम उघडणार, पहिला घास मुकादमाचा, मग त्याचा चहा उकळणार, तो सावकाश पिणार, आणि तोवर टोळीतल्या सगळ्यांनी, पोटात कावळे कोकलत असले तरी, हात मांडीवर ठेवून बसायचं. दवाखाना दोन डोंगर पलीकडे. पडायचं तर एकानंच पडायचं, आणि तो एक कोण हे ठरलेलं.

चहा झाला. मुकादम फुंकर मारून पिऊ लागला आणि उरलेले तिघे त्याच्याकडे बघत बसले, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे. शेवटी नर्सला गप्प बसवेना. तिनं अगदी आदरानं विचारलं की काका, रागावू नका, पण असल्या खाण्याची बाधा व्हायचीच तर रात्रभरानं होईल, दुसऱ्या दिवशी होईल. एक कप चहा पिईपर्यंत काय कळणार?

"काहीच कळत नाही," मुकादम म्हणाला. "ते मलाही ठाऊक होतं आणि पोरांनाही ठाऊक होतं. पण आपल्या आधी कुणीतरी खाल्लंय, आणि तो समोर बसून चहा पितोय, हे दिसलं की माणूस पोटभर जेवतो." मग कपात बघत म्हणाला, "आणि ज्याच्यासाठी सगळे थांबलेत ना, त्यालाही भूक लागते."

तारीखबाईला ते काळजात लागलं. कडा कापलेला पाव, सोललेलं फळ, ताटलीतले चौकोनी तुकडे, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. महिनाभर या घरात सगळे जेवून घ्यायचे, आणि मग बाबांना भरवायचं काम उरायचं. त्यांच्या घासासाठी कुणी थांबत नव्हतं, तो एकदाचा संपावा म्हणून थांबत होतं. बिचारीनं मायेपोटीच केलं होतं सगळं. पण माया करता करता तिनं बापाच्या हातून आकडी काढून घेतली होती, आणि वर विचारत होती की बाबा, तुम्ही खात का नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की डोळे पुसायला तिला पदराचं टोकही सापडेना.

कप खाली ठेवून मुकादमानं वाटप सुरू केलं. आकडीच्या टोकावर एकेक तुकडा, आधी लेकीला. आणि तारीखबाईनं, जिनं तारीख उलटलेल्या चॉकलेटला कधी जीभ लावली नव्हती, तोंड उघडून तो घास घेतला. जावयानं घेतला. नर्सनं हात जोडले, म्हणाली मी नाही, चौघेही आडवे झालो तर उचलायला कुणीतरी उभं पाहिजे. मुकादम एवढा खूश झाला की त्यानं टेबलावर थाप मारली. अगदी बरोबर, म्हणाला, टोळीतही एकाला आम्ही पावावरच ठेवायचो, ही पोरगी टोळीत शोभली असती.

मग पाव मागितला त्यानं. कडा असलेला. स्वतःच्या हातानं फाडला, त्यावर मटण थापलं आणि खायला लागला. लेक समोर हनुवटी हातावर टेकून बसली. एवढा आटापिटा ज्या चवीसाठी केला ती तिच्याही तोंडात होती, आणि खरं सांगायचं तर ती काही धड लागत नव्हती. खारट, चिवट, मध्येच पत्र्याची. तिनं भीत भीत विचारलं, "बाबा, चव बिघडलीय का हो याची?"

मुकादमानं घास चावून संपवला, नीट विचार केला.

"छे," म्हणाला. "तेव्हाही अशीच भिकार होती."

हसून हसून जावयाला ठसका लागला आणि नर्सनं त्याच्या पाठीत धपाटे घातले. अर्धा डबा त्या संध्याकाळी संपला. उरलेला नर्सनं ठेवू दिला नाही, आणि त्यात मुकादमानंही तिचीच बाजू घेतली. उघडलेला डबा टोळीत कधी उद्यावर ठेवला नाही, म्हणाला. पुढे नर्स सारखी येऊन कपाळाला हात लावून बघायची, पोट दुखतं का विचारायची. कुणाचं काही दुखलं नाही. फक्त जावयाचं एका बाजूनं दुखत होतं, ते हसून. रविवारी मुकादमानं दोन्ही वेळा टेबलाशी येऊन खाल्लं, थोडंच, पण आपल्या हातानं. नर्सनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खातायत ना, मग नळी कशाला, पुढच्या आठवड्यात नुसतं दाखवून जा.

सोमवार उजाडला. ज्या वेळी हॉस्पिटलच्या दारात असायचं त्या वेळी तारीखबाई स्वयंपाकघरात दुधाची पिशवी हातात घेऊन उभी होती. दूध तापवायचं, चहा करायचा, आणि पळायचं. वॉचमन फाटकावर वाट बघत असणार. सवयीनं तिनं पिशवी उजेडात धरून तारीख बघितली. आजचंच, ताजं. कात्री घेतली. तेवढ्यात मागे खडखड झाली. चौकट ढकलत मुकादम आला, खुर्ची ओढून बसला आणि त्यानं हात पुढे केला.

"आण इकडे," म्हणाला. "आधी मी."

अहो बाबा, आत्ताच आलंय, तारीख बघितलीय मी, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. पिशवी त्याच्या हातात दिली, कात्रीही दिली. त्यानं कोपरा कापला, थोडं सांडलं, वाटीत घोटभर ओतलं आणि प्यायला. मिशीवरचं दूध हातानं पुसलं. दारात नवरा बूट घालून उभा होता, त्याची पावाची गाडी खोळंबलेली. नणंदेची बस सुटायची वेळ झालेली. दोघंही थांबली.

"चहा टाक," मुकादम म्हणाला. तारीखबाईनं पातेलं चढवलं आणि दुधासाठी हात पुढे केला, तर त्यानं पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

"बिनदुधाचा टाक. दूध अजून पास व्हायचंय."

आणि उशीर झालेली ती तिन्ही माणसं चहा उकळायची वाट बघत टेबलाशी येऊन बसली.